वाकड्या दांड्यांचा दर

इर्या म्हणाली, नऊ मे उजाडला, आता काही पडत नाही.
म्हणजे पडणार.
सरोवराकडून वारा फिरला तेव्हा
आम्ही दुसऱ्या बोगद्यात रॅननक्युलसच्या कळ्या चाचपत होतो:
चिमटीत धरायची, हलकेच दाबायची,
कडक लागली तर उद्या,
ताज्या पावासारखी लागली तर आज.
सतरा वर्षं मी शाळेची बस चालवली,
ब्रेक किती दाबायचा ते पायाला कळायचं.
हे बोटांना कळायला तीन हंगाम गेले.

सप्टेंबरात मुळं आली होती खोक्यातून,
वाळक्या कोळ्यांसारखी, उलटी कुठली सुलटी कुठली ते न सांगणारी.
रात्रभर भिजून फुगली, मातीत गेली,
आणि मग सगळा हिवाळा
वर प्लास्टिक, आत पांढरं कापड,
बाहेर माझ्या छातीएवढा बर्फ.
फेब्रुवारीत इर्या कापडाचं टोक उचलायची
दूध वर आलं का बघावं तसं,
आणि लगेच झाकायची.
काही बोलायची नाही. मीही विचारायचे नाही.

रात्री अकराला ती माझ्या खिडकीशी.
"झाडू घे."
आतून झाडूनं छप्पर ढोसायचं.
बर्फ घसरतो तेव्हा असा आवाज होतो
की वरून कुणी गाद्या फेकतंय.
पहिला बोगदा मोकळा झाला.
दुसऱ्याच्या निम्म्यावर होतो, तेवढ्यात
एक कमान बारीक कुरकुरली,
इर्यानं माझी बाही ओढली,
आणि आमच्या मागे बोगदा बसला.
कोसळला नाही, बसला,
म्हातारी गाय बसते तसा, पुढचे गुडघे आधी.

ती रडली नाही. म्हणाली,
"कॉफी. मग बघू."

पहाटे कपाळाला दिवे बांधून पोटावर सरपटत आत गेलो.
जाळीच्या खुंट्यांनी प्लास्टिक हातभर उंच धरलं होतं,
त्या हातभरात सगळं जिवंत:
निळसर उजेड, ओल्या मातीचा वास,
अ‍ॅनिमोनचे काळे डोळे नाकासमोर.
कोपर टेकून कापत गेलो.
इर्या पुढे, मला तिच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत,
आणि मागे सरकत येणाऱ्या बादल्या.

स्नॅपड्रॅगन मात्र रात्रभर आडवे पडले होते.
पडल्या पडल्या त्यांनी शेंडे वर वळवले होते,
एकूण एक,
जणू अंधारात कुणी वर्गाची हजेरी घेतली.

मार्केटहून डेल्फिन आली व्हॅन घेऊन.
शनिवारचं लग्न, तीनशे दांड्या, सरळ.
सरळ निघाल्या एकशे ऐंशी.
वाकडी एक तिनं हातात फिरवली,
उजेडाकडे धरली, परत ठेवली.
"सुंदर आहे गं. पण फुलदाणीत उभी राहत नाही."
तिचं चूक नव्हतं.
इर्यानं पावतीवर आकडा खोडून नवा लिहिला
आणि वाकड्या रस्त्याकडेच्या टेबलावर मांडल्या,
शेजारी पैशांचा डबा, जुडीला एक डॉलर.
दिवसभर तीन गाड्या थांबल्या.
एक रस्ता विचारायला.

संध्याकाळी वाइनो आला, पाइप वाकवायचं यंत्र ट्रॅक्टरवर लादून.
अकरा कमानी चेपल्या होत्या.
जुना साचा त्याला सापडेना,
खडूनं जमिनीवर बाक काढून बघितला, पुसला, पुन्हा काढला.
मग टेबलावरची एक दांडी उचलून
पाइपला लावली, डोळा बारीक केला.
"हा बाक बरोबर आहे," म्हणाला.
"हिच्यावरून बर्फ घसरेल."
मापाची काठी करून कानामागे खोचली,
गुलाबी फुलासकट,
आणि साडेआठपर्यंत काम केलं.

निघताना डब्यात डॉलर टाकला. इर्यानं तो परत काढून दिला.
त्यानं परत टाकला. दोघंही हट्टी,
मी जेवण गरम करायला निघून गेले.

शनिवारी लग्न झालं. फुलं छान दिसली म्हणे.
आता जून लागलाय, बाजूचे पडदे हँडल फिरवून वर केलेत,
आत मधमाश्या, बाहेर डास.
झाडू अजून दारापाशीच आहे.
आत न्यावा असं
दोघींपैकी कुणी म्हणत नाही.